तुम्ही प्रत्यक्ष ऐकलेली, अजून अंगावर काटा आणणारी मैफल कोणती?

निशिगंधा_ठाणे

जानेवारी २०२५ मधे लेकीला घेऊन नेरुळला डी वाय पाटील स्टेडियममधे कोल्डप्ले या इंग्लंडच्या रॉक बँडच्या कार्यक्रमाला गेले होते. खरंतर हट्ट तिचा होता, मला त्यांची चार-पाचच गाणी माहीत. पण आत शिरताना प्रत्येकाच्या हातात तो लाइटवाला पट्टा देतात ना, तो घातला आणि पहिल्या गाण्याला अख्खं स्टेडियम एकदम पिवळं झालं, मग लाल, मग निळं, आणि माझ्या मनगटावरचा दिवा पण त्यातलाच एक, तेव्हा काय वाटलं ते मला अजून नीट सांगता येत नाही. त्यांचा गायक ख्रिस मार्टिन मधेच मराठीत बोलला तेव्हा तर लेक रडायलाच लागली.

घरी आल्यावर बाबांनी (वय ७६) विचारलं की हे सगळं मोबाईलवर दिसतं, मग एवढे पैसे खर्चून, हार्बर लाइनच्या गर्दीत चेंगरून जायचं कशाला? मी उत्तर दिलं पण मलाच ते पटलं नाही. म्हणून इथे विचारतेय. शास्त्रीय, रॉक, भजन, काहीही चालेल. प्रत्यक्ष जाऊन ऐकलं म्हणूनच मिळालं, घरी बसून मिळालंच नसतं असं काय होतं ते सांगा. बाबांना वाचून दाखवणार आहे.

सदाशिव_पेठी

सवाई, पुण्याचा शास्त्रीय संगीताचा महोत्सव. दुसरं नाव घेताच येणार नाही.

सवाई गंधर्व गेले १९५२ ला आणि १९५३ पासून भीमसेनजींनी गुरूंच्या नावाने हा महोत्सव सुरू केला हे तुमच्या बाबांना माहीत असेलच. मी पहिल्यांदा गेलो ते ९० च्या दशकाच्या मध्यावर, कॉलेजात असताना, रमणबागेत. तेव्हा रात्रभर चालायचं. रात्रभर म्हणजे खरंच उजाडेपर्यंत. आम्ही चार मित्र, एक सतरंजी, दोन शाली, आणि मित्राच्या आईने दिलेला गूळपोळ्यांचा डबा. डिसेंबरची थंडी जमिनीतून सतरंजीच्या आरपार वर यायची, पाठ गार पडायची. आमच्या पुढे एक कुटुंब होतं, त्यांची दोन लहान मुलं स्वेटर-कानटोपीत गुंडाळून ओळीने झोपवलेली, आणि त्यांची आई एक हात मुलाच्या अंगावर ठेवून दुसऱ्या हाताने मांडीवर ताल धरून बसलेली. ते चित्र माझ्या डोळ्यांसमोरून जातच नाही.

फिरोज दस्तूर गायला बसले. सवाई गंधर्वांचे शिष्य, तेव्हा पंचाहत्तरीच्या पुढचे. ख्याल संपला आणि मागून कुठूनतरी आवाज आला, "गोपाला!" मग दुसरीकडून, मग चहूकडून, अख्खा मांडव एकच शब्द म्हणतोय. मला काही कळेना. शेजारच्या काकांनी सांगितलं की अरे अब्दुल करीम खाँसाहेबांचं गाणं आहे, यांच्याकडून ते ऐकल्याशिवाय लोक सोडत नाहीत. आणि त्यांनी सुरू केलं. तो आवाज मोठा नव्हता, थकलेला होता खरंतर, पण सुराला लागला की हलायचा नाही, आणि काही हजार माणसं अशी गप्प की मागच्या बाजूला चहाच्या कपबशीचा आवाज झाला तर लोकांनी वळून बघितलं. आता यूट्यूबवर ते गाणं सापडतं. मी ऐकतो. पण त्यात तो "गोपाला" म्हणणारा मांडव नाही ना.

अजून एक सांगतो जे आता कुणालाच मिळणार नाही. रात्रभर चालायचं म्हणून राग आपापल्या वेळेला ऐकायला मिळायचे. मध्यरात्री दरबारी किंवा मालकंस, आणि पहाटे आकाश फटफटायला लागलं की ललत. ललत मी आधी कॅसेटवर ऐकला होता, दुपारी, पंख्याखाली. तिथे तो पहाटे ऐकला, मांडवाच्या कडेला उजेड येतोय, माणसं शाली सोडून सरसावून बसतायत, आणि समोर ललतचे ते दोन मध्यम, शुद्ध आणि तीव्र. तेव्हा कळलं की वेळ हा त्या रागाचाच भाग आहे. पुढे ध्वनिक्षेपकाला रात्री १० ची मर्यादा आली, एखाद्या दिवशी १२ पर्यंत सूट मिळते तेवढीच. नियम का आला ते समजतं, हॉस्पिटलं आहेत, म्हातारी माणसं आहेत, तक्रार नाही. पण पहाटेचा ललत गेला याचं दुःख मला आजही आहे.

आणि शेवट. सगळं गाणं संपल्यावर सवाई गंधर्वांची भैरवीतली जुनी रेकॉर्ड लावतात. ती खरखर सुरू झाली की लोक जिथे असतील तिथे थांबतात. चपला हातात घेतलेली माणसं तशीच उभी.

मोशीकर८५

मी शास्त्रीयवाला नाही पण विषय आवडला म्हणून लिहितो.

१७ मार्च २००७, बंगलोर, पॅलेस ग्राउंड्स, आयर्न मेडन हा ब्रिटिश हेवी मेटल बँड. त्यांचा भारतातला पहिला शो. आम्ही पुण्याचे इंजिनिअरिंगचे सात जण, परीक्षा तोंडावर, घरी सांगितलं इंडस्ट्रियल व्हिजिट (आईला नंतर खरं सांगितलं). ट्रॅव्हल्सची गाडी कोल्हापूरच्या पुढे बंद पडली, चार तास हायवेला बसून काढले, रडकुंडीला आलो होतो. पोचलो तेव्हा दुपार उलटलेली आणि बाहेर बघतो तर काळे टीशर्टच काळे टीशर्ट. माझ्या अख्ख्या कॉलेजात हे संगीत ऐकणारे आम्ही सातच, लोक म्हणायचे काय हा गोंधळ ऐकता. आणि इथे गुवाहाटीहून, चेन्नईहून, कुठून कुठून आलेली आपल्यासारखीच हजारो पोरं.

आधी दिल्लीच्या परिक्रमा बँडवाले वाजवून गेले, भारी वाजवलं त्यांनी. मग मेडन. 'फिअर ऑफ द डार्क' ची सुरुवातीची गिटारची धून आली आणि ती धून लोक तोंडाने म्हणायला लागले, शब्द नाहीत, नुसती धून, स्टेजवरच्या स्पीकरपेक्षा मला आजूबाजूच्यांचाच आवाज जास्त येत होता. माझ्या बाजूला एक अनोळखी मुलगा होता, कन्नड बोलणारा, आम्हाला एकमेकांची भाषा येत नव्हती, पण दोन तास गळ्यात हात टाकून गायलो. त्याचं नाव पण विचारायचं राहिलं.

निशिगंधाताई, काकांना सांगा की घरी ते गाणं मी ऐकतो, तिथे मी ते गायलो.

निशिगंधा_ठाणे

सदाशिव_पेठी, तुमचं वाचून दाखवलं. "गोपाला" आलं तिथे बाबा म्हणाले थांब, परत वाच. त्यांनी दस्तूरबुवांना रेडिओवर ऐकलंय म्हणे. अजून येऊदेत.

सायनची_सून

माझी मैफल म्हणजे दर वर्षी ३ फेब्रुवारी, षण्मुखानंद हॉल. तबल्याचे उस्ताद अल्लारखाँ ३ फेब्रुवारी २००० ला गेले, त्यानंतर त्यांचा मुलगा झाकीरभाई (झाकीर हुसेन) दर वर्षी त्या तारखेला अब्बाजींची बरसी, म्हणजे पुण्यतिथीची मैफल, करायचे. पहाटेपासून रात्रीपर्यंत. माझं सासर तिथून चालत दहा मिनिटांवर, लग्न झालं त्याच वर्षी सासऱ्यांनी पहाटे उठवलं, म्हणाले चल, आंघोळ करून ये, आज देवळात जायचंय. आणि घेऊन गेले हॉलवर! अंधार होता अजून, किंग्ज सर्कल स्टेशनकडून माणसं चालत येतायत, हातात स्टीलचे डबे, फ्लास्क, काही जण तर तबल्याच्या पिशवीसकट.

मला तबल्यातलं काही कळत नव्हतं. सासऱ्यांनी तिथेच बसल्या बसल्या शिकवलं. अंगठ्याने बोटांवर मोजायचं, एका बोटाची तीन पेरं आणि टोक धरून चार, अशी चार बोटं म्हणजे सोळा, झाला तीनताल. पहिल्या मात्रेला सम, नवव्या मात्रेला खाली. मी मोजत बसले. वरती वाजवणारा कुठच्या कुठे गेलेला, मला वाटलं आता हा हरवला, मी पण हरवले, आणि माझा अंगठा तर्जनीच्या पहिल्या पेरावर यायला आणि त्याची थाप पडायला एकच गाठ. अख्खा हॉल "आऽहा" म्हणाला आणि त्यात मी पण होते. कुणी सांगितलं नव्हतं म्हण म्हणून. आपोआप आलं तोंडातून.

संध्याकाळच्या सत्रात परदेशी ड्रमवाले पण असायचे, सासऱ्यांना ते फारसं रुचायचं नाही पण उठायचे नाहीत, म्हणायचे पाहुणा वाजवतोय, ऐकायचं. सासरे २०१९ ला गेले. १५ डिसेंबर २०२४ ला झाकीरभाई गेल्याची बातमी आली तेव्हा मी स्वयंपाकघरात होते, कणीक मळता मळता बोटांवर सोळा मोजत उभी राहिले बराच वेळ.

वास्कोची_सय

आमच्या गोव्यातलं सांगतंय. तिकीट नाही, खुर्ची नाही. वास्कोचा दामोदर सप्ताह. नाव सप्ताह पण भजन चालतं चोवीस तास, श्रावण शुद्ध सप्तमीला सुरू होतं, टाळ-मृदंग एकदा हातात घेतले की दुसऱ्या दिवशीपर्यंत खंड पडायचा नाही. वर पाऊस मरणाचा. रात्री वेगवेगळ्या व्यवसायातल्या समाजांचे पार, म्हणजे भजन गात जाणाऱ्या मिरवणुका, निघतात, आणि मुंबई-पुण्याहून मोठमोठे गवई येऊन गातात. मी लहानपणी वडिलांच्या खांद्यावरून ऐकलंय. छत्रीवर पावसाचा आवाज, खाली चिखल, समोर पेटीवाल्याच्या बोटांवर पेट्रोमॅक्सचा उजेड, आणि गाणारे कोण होते ते मला ठाऊकच नाही. नाव माहीत नसताना ऐकलेलं ते एकच गाणं असेल माझ्या आयुष्यात. आता सत्तेचाळीस वर्षांचा आहे, आजपर्यंत सप्ताह चुकवला नाही, आखातात नोकरीला होतो तेव्हा पण रजा टाकून यायचो.

तंबोरा_जुळवतोय

सदाशिव_पेठी, २००७ चा सवाई तुम्ही होता का? तब्येतीमुळे भीमसेनजींचं गाणं जवळजवळ थांबलेलं आणि त्या वर्षी ते स्वरमंचावर आले. मी खूप मागे, बांबूला टेकून उभा होतो. गाण्याबद्दल मी काही बोलणार नाही, माझी लायकी नाही. पण ते आले तेव्हा अख्खा मांडव उभा राहिला आणि टाळ्या थांबेचनात, आणि माझ्या शेजारी ड्युटीवरचा पोलीस होता त्याने टोपी काढून काखेत धरली. २०११ च्या जानेवारीत ते गेले. सवाईत त्यांना ऐकलं ते तेवढंच.

सदाशिव_पेठी

होतो. डाव्या बाजूला, भारतीय बैठकीत. तुम्ही लिहिलंत आणि परत सगळं आलं डोळ्यांसमोर.

निशिगंधा_ठाणे

सगळं वाचून दाखवलं. बाबा काही बोलले नाहीत, गॅलरीत जाऊन बसले. रात्री जेवताना विचारलं, सवाई आता कुठे असतो? म्हटलं मुकुंदनगरला, महाराष्ट्रीय मंडळाच्या मैदानावर, डिसेंबरात. म्हणाले दोन तिकिटं काढ, आणि तुझ्या लेकीला विचार येते का, तिसरं पण काढ. त्यांना खाली बसवत नाही, गुडघे दुखतात, तर खुर्चीचं तिकीट वेगळं मिळतं ना? आणि स्टेशनहून रिक्षा की ओला?

सदाशिव_पेठी

खुर्चीचं वेगळं मिळतं, विक्री सुरू झाली की लगेच घ्या. स्टेशनहून रिक्षाच बरी. रात्री परतताना थंडी असते, काकांना कानटोपी आणि जाड मोजे विसरू नका. आणि शेवटच्या दिवसाचंच तिकीट काढा, रेकॉर्ड लागेपर्यंत थांबा.