मदत हवी आहे: पर्यावरण धोरणात मास्टर्स करायचंय, कुठे करू?

नमस्कार मंडळी, मी चिपळूणची, यंदा बॉटनीत बीएस्सी झालं. 2021 च्या जुलैत वाशिष्ठीचं पाणी घरात शिरलं तेव्हा मी नुकतीच बारावीत गेले होते, तेव्हापासून डोक्यात हेच आहे की नदी, घाट, खाणी याबद्दलचे निर्णय नक्की कोण आणि कसे घेतं. पश्चिम घाटावरचा गाडगीळ समितीचा 2011 चा रिपोर्ट वाचायला घेतला, शास्त्राचा भाग कळतो पण कायदा आणि अर्थशास्त्र आलं की अडकते.

आता दिल्लीचं टेरी (टेरी स्कूल ऑफ ॲडव्हान्स्ड स्टडीज) आणि मुंबईचं टिस (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस) असे दोन पर्याय समोर आहेत. आमच्याकडे सगळे म्हणतात पुण्यातच एन्व्हायर्न्मेंटल सायन्स कर, पण मला लॅबपेक्षा धोरणाकडे जायचंय.

कोणी टेरी किंवा टिसमध्ये शिकलंय का? फी, स्कॉलरशिप, हॉस्टेल आणि मुख्य म्हणजे नंतर काम कुठे मिळालं ते सांगा ना प्लीज. आणखी एक, 2006 च्या ईआयए (प्रकल्पाचा पर्यावरणावर काय परिणाम होईल याचं मूल्यांकन) नोटिफिकेशनमधल्या जनसुनावणीवर, म्हणजे मंजुरीआधी स्थानिकांचं म्हणणं ऐकतात त्यावर, प्रबंध करायची फार इच्छा आहे, कारण गावात मराठीत नुसता सारांश येतो आणि जाडजूड मूळ अहवाल इंग्रजीत, मग माणसं हरकत घेणार तरी कशावर? यावर काम केलेलं कोणी असेल तर नक्की बोला, बाबांना आठवड्याभरात उत्तर द्यायचंय.