भाऊ रोज गांजा ओढतो, आता संशय घ्यायला लागलाय, कुठे नेऊ?

देवगडची_ताई:
धाकटा भाऊ २० वर्षांचा आहे, अकरावीपासून मित्रांसोबत ओढतो, आता रोजचंच झालंय. दारू तर पीत नाही ना म्हणून आम्ही पण सोडून दिलं. पण हल्ली रात्रभर जागा असतो, शेजारचे काका माझ्याबद्दलच बोलतात म्हणतो, मोबाईलमधून कोणीतरी ऐकतंय म्हणून सिम काढून टाकलंय. आई म्हणते बाहेरचं आहे, देवळात कौल लावूया. बाबांना पोलीस केसची भीती.

खाडीपलीकडे:
गे बाय, कौल लावचो तर लाव, पण आधी डॉक्टर गाठ! माझ्या चुलतभावाक असाच झाला होता, घरच्यांनी देवदेवस्कीत वर्ष घालवल्यान.

रत्नागिरी_सिस्टर:
ताई, हे नुसतं व्यसन नाही वाटत, सायकोसिसची, म्हणजे भास आणि खोटे संशय खरेच वाटायला लागतात त्या आजाराची, लक्षणं असू शकतात. कमी वयात सुरू करून रोज ओढणाऱ्यांना धोका जास्त, घराण्यात कोणाला स्किझोफ्रेनिया असेल तर अजूनच, आणि ते डॉक्टरांना नक्की सांगा. आधी गांजा सुटू दे मग बघू असं करू नका, जितक्या लवकर औषध सुरू तितकं बरं. रत्नागिरीला सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, नाव ऐकून लोक घाबरतात पण ओपीडीत दाखवून घरी येता येतं. आजच बोलायचं तर टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन आहे, १४४१६, फुकट आहे, मराठीत बोलतात. मारहाण किंवा जिवाचं काही बोलला तर मात्र थांबू नका, सरळ जवळच्या सरकारी दवाखान्यात.

बाबांना सांगा, डॉक्टर उपचार करतात, पोलिसांना बोलवत नाहीत. एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात ६४ए कलम आहे, स्वतःहून सरकारमान्य केंद्रात उपचाराला जाणाऱ्या व्यसनी माणसाला स्वतःपुरतं ओढल्याच्या गुन्ह्यातून त्यात संरक्षण आहे.

आता_बंद:
मी ओढायचो, सोडलं. पहिला आठवडा बेकार जातो, चिडचिड, झोप नाही, जेवण जात नाही, घाम. मग हळूहळू कमी होतं, झोपेला मात्र वेळ लागतो. घरच्यांना वाटतं पोरगा बिघडला, खरं तर ते सुटल्याचं असतं. तेव्हा लेक्चर देऊ नका प्लीज. व्यसनाच्या सल्ल्यासाठी १४४४६ पण आहे.

देवगडची_ताई:
थँक्यू सगळ्यांना. पण तो येणारच नाही, म्हणतो मी काय वेडा आहे का.

रत्नागिरी_सिस्टर:
वाद घालू नका, मोबाईलमध्ये कोणी नाही हे पटवत बसू नका. झोप लागत नाही हे त्याला स्वतःला पटतंय ना, मग झोपेसाठी जाऊया म्हणा. आणि ज्याचं ऐकतो त्यालाच सोबत घ्या, मामा असेल तर मामा.