एकाच खड्ड्यातील सांगाडे : नाते कशावरून ठरवायचे?

प्रश्न (जिज्ञासू वाचक) :
ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेई या प्राचीन रोमन शहरातील एका घरात सोन्याचे कडे घातलेली प्रौढ व्यक्ती आणि तिच्याजवळचे मूल यांना अनेक दशके मायलेकरे मानले जात होते. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डीएनए अभ्यासात मात्र ती व्यक्ती पुरुष असल्याचे आणि त्या मुलाशी तिचे रक्ताचे नाते नसल्याचे आढळले. तेव्हापासून मला प्रश्न पडला आहे की, केवळ सांगाड्यांवरून नाते सांगता येते का? आणि डीएनए मिळाला, तरी त्यातून ‘आई आणि मुलगी’ की ‘दोघी बहिणी’ हे खात्रीने कळते का?

उत्तर (अस्थी अभ्यासक) :
केवळ हाडांवरून नात्याची शंका घेता येते, निर्णय देता येत नाही. उदाहरणार्थ, कपाळाच्या मधोमध असणारी उभी शिवण बहुतेकांमध्ये बालपणीच बुजते, पण काहींमध्ये ती आयुष्यभर स्पष्ट राहते. अशी शिवण शेजारशेजारच्या दोन कवट्यांवर दिसली, तर नाते असावे असे वाटणे साहजिक आहे. मात्र तीच शिवण त्या दफनभूमीतील इतर अनेक कवट्यांवरही असेल, तर तो पुरावा फारसा उरत नाही. दातांच्या ठेवणीलाही हाच नियम लागू होतो. शिवाय वयात येण्यापूर्वीच्या मुलाचे लिंग हाडांवरून विश्वासाने सांगता येत नाही.

उत्तर (प्राचीन डीएनएचा विद्यार्थी) :
तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर, नमुना चांगला असेल तर, ‘हो’ असे आहे. कानाच्या आतील भागाभोवतीच्या अत्यंत घट्ट हाडात डीएनए बराच टिकतो, म्हणून नमुना बहुधा तेथून घेतात. आईबाप आणि अपत्य यांच्यात, तसेच सख्ख्या भावंडांतही, सरासरी निम्मा वारसा सामायिक असतो, पण त्याची मांडणी वेगळी असते. अपत्याच्या प्रत्येक गुणसूत्र-जोडीतील एक प्रत आईकडून आलेली असल्याने ते आईशी सर्वत्र एका प्रतीने जुळते. सख्खी भावंडे मात्र साधारण पाव भागात दोन्ही प्रतींनी जुळतात, निम्म्या भागात एका प्रतीने, आणि उरलेल्या पाव भागात मुळीच जुळत नाहीत.

खरी अडचण पुढच्या पायरीवर येते. आजी आणि नात, मावशी आणि भाची, आई किंवा वडील यांपैकी एकच समान असलेल्या सावत्र बहिणी या तिन्ही जोड्यांत सुमारे २५ टक्के वारसा सामायिक असतो. तेथे मृत्यूसमयीचे वय, आईकडून येणारा मायटोकॉन्ड्रियल डीएनए आणि त्याच दफनभूमीतील इतर नातलग यांची सांगड घालावी लागते. जोडीतील आई कोण आणि मुलगी कोण, हेही गुणसूत्रे एकटी सांगत नाहीत. एकीचा मृत्यू सहाव्या वर्षी झाला असेल, तर ते वयच सांगते. म्हणूनच मोठी दफनभूमी मोलाची ठरते. फ्रान्समधील ग्युर्जी येथे ९४ व्यक्तींचा डीएनए मिळाला आणि त्यांपैकी ६४ जण सात पिढ्यांच्या एकाच वंशवृक्षात बसवता आले.

उत्तर (पुरातत्त्वाची अभ्यासक) :
वरील विवेचन मान्य आहे, परंतु रक्ताचे नाते आणि कुटुंब यांत आपण फरक राखायला हवा. इंग्लंडमधील हेझलटन नॉर्थ येथील सुमारे ५७०० वर्षांपूर्वीच्या थडग्यात तपासलेल्या ३५ जणांपैकी २७ जण पाच पिढ्यांच्या एकाच कुळातले होते, आणि त्या कुळाचा उगम एक पुरुष आणि त्याच्यापासून अपत्ये झालेल्या चार स्त्रिया यांच्यापर्यंत जातो. तरीही तेथे असे काही पुरुष पुरलेले होते, ज्यांच्या आईला त्या कुळातील पुरुषापासूनही मुले झाली होती, पण ज्यांचे स्वतःचे वडील कुळाबाहेरचे होते. केवळ वंशवृक्ष पाहणाऱ्याने त्यांना परके ठरवले असते; पुरणाऱ्यांनी मात्र त्यांना आपल्यातलेच मानले, असे मला वाटते.

पोलंडमधील कोशित्से येथे सुमारे ५००० वर्षांपूर्वीच्या एकाच खड्ड्यात १५ जण सापडले. त्यांना डोक्यावर घाव घालून मारलेले होते. डीएनएवरून असे दिसले की, त्या गर्दीतही माता आपापल्या लेकरांशेजारी ठेवलेल्या होत्या आणि भावंडे एकमेकांलगत होती. म्हणजेच मृतांपैकी कोण कोणाचे, हे पुरणाऱ्यांना ठाऊक होते.