'गावकुसाबाहेर' की 'कोटाबाहेर'?

प्रश्न: रोमच्या इतिहासावर मराठीत लिहितोय आणि एका शब्दाशी अडलोय. इ.स. ८४६ मध्ये अरबांची जहाजं टायबर नदीच्या मुखाशी आली, सेंट पीटर आणि सेंट पॉल ही दोन्ही मोठी चर्च लुटली गेली पण खुद्द शहर वाचलं, कारण ऑरेलियन बादशहाचा तिसऱ्या शतकातला तट मधे होता आणि ही दोन्ही चर्च तटाच्या बाहेर. सेंट पॉलच्या इटालियन नावातच तसं आहे. मी 'गावकुसाबाहेरचं चर्च' लिहिलंय, चालेल का?

— नको. गावकूस म्हणजे गावाभोवतीची भिंत हे खरंय, पण 'गावकुसाबाहेर' म्हटलं की आपल्याला जातीमुळे बाहेर ठेवलेली वस्तीच दिसते, त्या शब्दात लोकांची आयुष्यं गेलीयत, तो नुसता दिशा सांगायला वापरू नये असं मला मनापासून वाटतं. आणि इथे तर उलट आहे. रोमन लोक मृतांना शहराच्या हद्दीत पुरत नसत, म्हणून पीटरची कबर बाहेर व्हॅटिकन टेकडीवर, आणि कबरीवर चर्च. म्हणजे सगळ्यात पूज्य जागा, तीच उघड्यावर राहिली.

— 'कोटाबाहेर' लिहा. मुंबईत किल्ल्याबाहेरच्या वस्तीला जुने लोक 'बाहेरकोट' म्हणायचे, म्हणजे शब्द आपल्याकडे तयारच आहे. आणि कोट म्हणजे भिंतही आणि भिंतीच्या आतली वस्तीही, हे 'तट'मधे येत नाही. चौथ्या लिओ पोपने ८४८ ते ८५२ मध्ये सेंट पीटरभोवती नवी भिंत बांधली आणि आतल्या भागाला लोक लिओचं शहर म्हणायला लागले, त्याला 'लिओचा कोट' किती चपखल बसतं बघा!

— हल्ल्याला 'आक्रमण' किंवा 'स्वारी' लिहिलं असेल तर तेही बदला. आले, लुटलं, गेले, ही धाड.

प्रश्नकर्ता: वा, बाहेरकोट माहीतच नव्हतं, बदलतो. अजून एक, ८४९ मध्ये ओस्तियाजवळच्या लढाईत पकडलेल्या अरबांना याच भिंतीच्या कामाला लावलं होतं, तिथे मी 'मजुरी केली' लिहिलंय.

— मजुरी म्हटलं की पैसे आले. 'वेठीला धरलं' लिहा.