मदत हवी आहे: मानसिक आरोग्य धोरणात तरुणांचा सहभाग नावापुरता राहू नये म्हणून काय करावं?

पायवाट
तरुणांसाठीच्या मानसिक आरोग्य धोरणाचं काम सुरू होतंय. सहा महिन्यांत मसुदा द्यायचा आहे. समितीत डॉक्टर, अधिकारी, शिक्षणतज्ज्ञ मिळून १४ जण, सगळे चाळिशीपुढचे. सध्याचा प्रस्ताव असा: समितीत एक तरुण प्रतिनिधी घ्यायचा आणि मसुदा झाला की १४ ते २४ वयोगटासाठी एक दिवसाची कार्यशाळा ठेवायची. एवढ्याने काही साधेल असं वाटत नाही. गट किती जणांचा असावा, निवड कशी करावी, बैठकीत कुणाला त्रास झाला तर काय, आणि त्यांचं म्हणणं धोरणात उतरलं की नाही हे कसं दाखवायचं? जाणकारांनी कृपया सांगावं.

निळी_शाई
तुमची शंका रास्त आहे. मसुदा झाल्यावर बोलावलं की तरुणांच्या वाट्याला फक्त शब्द बदलणं येतं, कारण पैसा कुठे जाणार आणि सेवा कोण देणार हे तोवर ठरलेलं असतं. कार्यशाळा पहिल्या महिन्यात घ्या आणि विषय ठेवा ‘धोरणाने कोणते प्रश्न हाती घ्यावेत’. दुसरी फेरी पर्याय निवडताना, तिसरी मसुद्यावर.

समितीला पटवायचं असेल तर दोन गोष्टी हाताशी ठेवा. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क कराराचं कलम १२: स्वतःशी संबंधित बाबींत मत मांडण्याचा आणि ते वय व समज पाहून विचारात घेतलं जाण्याचा हक्क स्वतःचं मत बनवू शकणाऱ्या, १८ वर्षांखालच्या प्रत्येकाला आहे. दुसरी, बालहक्कांच्या अभ्यासक लॉरा लंडी यांची मुलांच्या सहभागाबद्दलची २००७ ची मांडणी. त्यात चार पायऱ्या आहेत: जागा, आवाज, ऐकणारा आणि प्रभाव. बहुतेक उपक्रम पहिल्या दोन पायऱ्यांवरच थांबतात. सभागृह मिळतं, माइक मिळतो, पण ज्याच्या सहीने निर्णय होतो तो माणूस खोलीत नसतो. त्यामुळे तो अधिकारी कोण हे आधी नक्की करा आणि तिन्ही फेऱ्यांच्या तारखा त्याच्या सोयीने आत्ताच घ्या.

गवतफूल
समितीत एकच प्रतिनिधी नको. १४ मोठ्यांसमोर एकटं पोर गप्प बसतं किंवा सगळ्यांचं पटतंय असं दाखवतं. किमान दोन, शक्यतो तीन घ्या, आणि त्यांच्या पाठीशी १२ ते १५ जणांचा गट हवा. समितीतल्यांनी गटाचं म्हणणं मांडायचं, म्हणजे स्वतःच्या आयुष्याची साक्ष काढायची वेळ येत नाही.

निवड शाळा-कॉलेजांवर सोपवलीत तर वक्तृत्वात बक्षीस मिळवणारी मुलंच येतील. अर्जात गुण विचारू नका. तोंडी सांगून कुणीतरी लिहून घेतलेला किंवा आवाज रेकॉर्ड करून पाठवलेला अर्जही चालवा. निम्म्या जागा मुद्दाम राखा: ज्यांनी सेवा घेतली, जे उपचार अर्धवट सोडून गेले, ज्यांचं शिक्षण सुटलं, जे काम करतात, जे अपंग आहेत. अर्धवट सोडून गेलेल्यांचं मत सर्वांत मोलाचं, कारण सेवा नेमकी कुठे तुटते ते त्यांनाच ठाऊक असतं.

१४-१७ आणि १८-२४ यांच्या बैठका वेगळ्या घ्या, महिन्यातून एकदा एकत्र. कागद सात दिवस आधी, दोन पानांत, सोप्या भाषेत. समितीच्या बैठकीआधी पाऊण तास विषयपत्रिका समजावायला ठेवा. बैठक दीड तासापेक्षा लांबवू नका, परीक्षेच्या दिवसांत तर नकोच. प्रवासखर्च त्याच दिवशी हातात द्या. ‘बिल पाठवा, नंतर देऊ’ म्हटलं की ज्यांच्याकडे पैसे नाहीत ते पुढच्या वेळी येत नाहीत. तज्ज्ञांना मानधन असेल तर त्यांनाही द्या.

दीपमाळ
सुरक्षिततेबद्दल. १८ खालच्यांसाठी पालकांची संमती लागेल, पण मुलाचा स्वतःचा होकार वेगळा घ्या आणि दर फेरीला पुन्हा विचारा. गुप्ततेची मर्यादा पहिल्याच दिवशी सांगा: इथलं बोलणं बाहेर जाणार नाही, पण कुणाच्या जिवाला धोका दिसला तर आम्हाला पुढे सांगावं लागेल, आणि ते आधी तुमच्याशी बोलून. ही ओळ आधी सांगितली नाही तर नंतर विश्वासघात वाटतो.

प्रत्येक बैठकीला एक प्रशिक्षित समुपदेशक फक्त आधारासाठी असावा. त्याच्याकडे टिपणं काढायचं काम देऊ नका. शेजारी एक रिकामी खोली ठेवा. उठून जायला कारण सांगावं लागणार नाही असा नियम करा. कोणी उठून गेलं तर दोन मिनिटांनी समुपदेशकाने जाऊन पाहायचं. जड विषय झाला असेल तर दुसऱ्या दिवशी प्रत्येकाला फोन. आणि ‘तुझा अनुभव सांग’ असं कुणालाही म्हणू नका. त्याऐवजी ‘तुमच्या वयाच्या माणसाला इथे काय अडेल?’ असं विचारा.

निनावी ऑनलाइन सर्वेक्षण करणार असाल तर आत्महत्येच्या विचारांबद्दल प्रश्न घालू नका. ‘हो’ असं उत्तर आलं तर त्या व्यक्तीपर्यंत पोहोचायचा मार्गच तुमच्याकडे नसतो. मदतवाहिनीचा क्रमांक प्रत्येक पानावर द्या.

पायवाट
फार उपयोगी. अजून एक अडचण: खुल्या चर्चेत ‘जनजागृती करा’, ‘समुपदेशक नेमा’ एवढंच येतं. त्यापुढे कसं जायचं?

निळी_शाई
प्रश्न मोठा असला की उत्तर घोषणेसारखंच येतं. त्यांच्यासमोर खरी वस्तू ठेवा. उदाहरणार्थ, पहिल्या भेटीची वेळ कळवणारं पत्र. लाल पेन द्या आणि जिथे मनात ‘जाऊ नये’ असं येईल तिथे खूण करायला सांगा. वेळ सकाळी ११ ची, म्हणजे तास बुडणार आणि वर्गात कारण द्यावं लागणार. लिफाफ्यावर मानसोपचार विभागाचा शिक्का, म्हणजे घरात आधी दुसराच कुणी उघडणार. वेळ बदलायला फक्त फोन, तोही घरातल्या सगळ्यांत मिळून एक. ‘पालकांना सोबत आणावे’, पण का ते लिहिलेलं नाही. एका पानातून धोरणाचे चार मुद्दे निघतात: संध्याकाळची वेळ, साधा लिफाफा, मेसेजवर वेळ बदलण्याची सोय, पालकांना केव्हा सांगायचं याचा स्पष्ट नियम. मग तसंच प्रतीक्षालयाचं करा, एकदा प्रत्यक्ष आत चालत जाऊन.

दीपमाळ
धोरणात काय उतरलं हे दाखवायला चार रकान्यांचा तक्ता पुरतो: सूचना त्यांच्याच शब्दांत, निर्णय, कारण, कधीपर्यंत. प्रत्येक फेरीनंतर ३० दिवसांत तो गटाकडे परत गेला पाहिजे आणि त्यावर निर्णय घेणाऱ्याची सही हवी. ‘योग्य तो विचार केला जाईल’ हे उत्तर चालवू नका. नकार चालेल, उदाहरणार्थ ‘संध्याकाळी सुरक्षारक्षक नाही, म्हणून या वर्षी आठवड्यातून दोनच दिवस’. कारण कळलं की मुलं पुढची सूचना त्यावर बेतून देतात, उत्तरच आलं नाही तर तिसऱ्या फेरीपर्यंत गट निम्मा होतो.

गवतफूल
त्यात एक भर. तक्ता जाहीर करताना सूचनेपुढे नाव नको, वयोगट पुरे. फोटोही नकोत, १८ खालच्यांचे तर मुळीच नकोत, मुलाने स्वतः होकार दिला असला तरी. पाच वर्षांनी नोकरी शोधताना नाव टाकलं की हाच फोटो वर येतो. गटाची मुदत १८ महिने ठेवा आणि नव्यांची निवड बाराव्या महिन्यातच करा, म्हणजे सहा महिने जुने-नवे एकत्र काम करतील.

पायवाट
सगळ्यांचे आभार. कार्यशाळा पहिल्या महिन्यात आणण्याचा आणि तीन प्रतिनिधींचा प्रस्ताव लिहायला घेतला आहे. तक्त्यावर सही कुणाची, हे त्यातच नमूद करते.