लाईट जाते ती शेतीपंपामुळे? काहीही!

केळीवाला_रावेर: कालच्या पोस्टला उत्तर द्यायचंच नव्हतं, पण राहवेना. म्हणे शेतकऱ्याला साडेसात एचपीपर्यंत वीज फुकट, म्हणून ग्रीडवर ताण आणि म्हणून जळगावात लाईट जाते. अरे भो, पंपाच्या मोटारीला लागणारी थ्री फेज लाईट आम्हाला मिळते दिवसा आठ तास नाहीतर रात्री दहा, बाकी वेळ मोटार शोभेला. २०२४ च्या मे महिन्यात देशाची मागणी अडीच लाख मेगावॅटला भिडली ती उन्हाने आणि तुमच्या एसीने, मोटारी काय त्याच साली आल्या का?

भुसावळकर: एसीवर घसरू नका. इथे ४५ च्या वर पारा, रात्री भिंतीला हात लावा मग बोला. दीपनगरच्या वीज केंद्राची राख आमच्या गच्चीवर, लाईट मात्र मुंबईला!

रिटायर_सबस्टेशन: मुंबईला वेगळी तार नाही हो, सगळी एकाच ग्रीडमध्ये जाते. आणि दोन गोष्टींची खिचडी करताय. फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्झच्या फार खाली घसरली की वरून लोडशेडिंगची ऑर्डर येते, तो ग्रीडचा ताण. ३१ जुलै २०१२ ला उत्तर, पूर्व, ईशान्य ग्रीड झोपलं तेव्हाही आपलं पश्चिमेचं उभं होतं. तुमच्या गल्लीत जाते ती डीपी, म्हणजे गल्लीचा ट्रान्सफॉर्मर. मे महिन्यात रात्रीही लोड उतरत नाही, त्यातलं तेल थंडच होत नाही. आणि शिवारात मोटार आपोआप चालू करणारे ऑटो स्विच किती जणांचे आहेत ते सांगा आधी. लाईट आली की सगळ्या मोटारी एकदम उचलतात, डीपीचा डीओ फ्यूज उडणारच, तारेवरचा करंट कमी करणारा कपॅसिटर तर कुणी लावतच नाही.

केळीवाला_रावेर: आलं, ऑटोवर आलं! रात्री दोनला लाईट येते, बांधावर बिबट्या, साप, तिथे बटण दाबायला तुम्ही येता का? मागच्या उन्हाळ्यात आमची डीपी जळाली, केळीची बाग निसवणीला आलेली, घड बाहेर पडत होते. ऑफिसात म्हणाले, आधी जुनी थकबाकी भरा. शेवटी वर्गणी काढून आम्हीच ट्रॅक्टरवर टाकून दुरुस्तीला नेली आणि ती परत येईपर्यंत घड सटकून खाली.

भुसावळकर: वाईट झालं, पण त्या डीपीच्या तारांवर वीजचोरीचे आकडे किती होते तेही सांगा ना.

केळीवाला_रावेर: आकडेवाला चोर, आणि तुमच्या कॉलनीत मंजूर लोड दोन किलोवॅट नि तीन तीन एसी, ते काय साधू?

धुळे_मीटर: ते सोडा हो, स्मार्ट मीटर बसल्यापासून माझं बिल वाढलंय त्याचं काय?

रिटायर_सबस्टेशन: त्याचा वेगळा धागा काढा. भुसावळकर, लोडचं ते बरोबर बोलले, वाढीव लोड कुणी मंजूर करून घेत नाही.

भुसावळकर: घ्या, आता शहरवाले गुन्हेगार. करतो बाबा अर्ज. ते ऑटो काढतील तेव्हा.

केळीवाला_रावेर: काढतो ना, आजच. दिवसा लाईट द्या फक्त. धुळ्याच्या साक्रीत १२५ मेगावॅटचा सोलर प्रकल्प २०१३ पासून उभा आहे म्हणे, मग आम्हाला अजून रात्रीची पाळी का?

धुळे_मीटर: मीटरचं कुणी बोलणारे का?