धरण भरलं म्हणून धरतीकंप होतो का?

रावपुऱ्याचा
काल सुरसागराजवळ चहाच्या लारीवर एका आजोबांनी ठणकावून सांगितलं, "नर्मदेवर सरदार सरोवर धरण बांधायला घेतलं नसतं तर २००१ चा भुजचा धरतीकंप झालाच नसता." (बडोद्यात जन्म गेला, 'भूकंप' म्हणायला जीभ वळत नाही. चालवून घ्या.) घरी येईपर्यंत मला ते पटलंसुद्धा. कोयनेचं उदाहरण आहेच की. कोयना धरणाचा शिवसागर जलाशय १९६२ पासून भरू लागला, ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे ६.३ रिश्टरचा धक्का बसला आणि पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली. पाणी आपणच अडवायचं आणि नाव पृथ्वीचं घ्यायचं!

मांजलपूरचा मास्तर
आजोबांना म्हणावं, आधी नकाशा बघा. धरतीकंपाचं केंद्र होतं ते कच्छमधलं भचाऊ कुठे, धरण आहे ते केवडिया कुठे? मध्ये साडेतीनशेवर किलोमीटर. शिवाय धरण पूर्ण उंचीचं झालं २०१७ मध्ये.
आणि कच्छला धरणाची गरज कधी लागली? १८१९ ला तिथे असा हादरा बसला की रणात ऐंशीएक किलोमीटर लांबीचा मातीचा उंचवटाच वर आला. माणसाने बांधलेला नाही म्हणून लोकांनी त्याला अल्लाबंद म्हटलं. त्याने सिंधूच्या एका फाट्याचं पाणी अडवलं, सिंद्रीचा किल्ला पाण्यात गेला. म्हणजे तिथे तर धरतीकंपानेच धरण बांधलं, राव!
खरं कारण खाली आहे. भारताचा भूपट्ट, म्हणजे देश ज्यावर बसलाय तो खडकाचा प्रचंड तुकडा, वर्षाला साधारण ५ सेंटिमीटर उत्तरेकडे सरकतो आणि पुढे आशियाला अडतो. आगगाडीचं इंजिन अडलं की मागच्या डब्यांनाही दणका बसतो, तसा तो दाब सगळ्या देशाच्या खडकात साठत राहतो. जिथे जुनी भेग असेल तिथे एक दिवस सुटतो.

वाडीतली पोरगी
मास्तर, कच्छचं मान्य. पण नर्मदेकाठचं काय? जबलपूरला १९९७ मध्ये ५.८ चा झाला, आणि बरगी धरण तिथून जवळच आहे. हा योगायोग?

मांजलपूरचा मास्तर
प्रश्न चांगला आहे. जबलपूरचा उगम जवळजवळ ३५ किलोमीटर खोल होता, कोयनेचे धक्के त्या मानाने उथळ. धरणाचा हात इतक्या खोल पोचणं अवघड. आणि आपल्या उंबऱ्यावरचं भरुच विसरलीस? २३ मार्च १९७०, तीव्रता ५.४. तेव्हा सरदार सरोवराची नुसती कोनशिला बसली होती. नर्मदेचं खोरंच जुन्या भेगेवर आहे.

कराडची लेक
मास्तरांचं वाचलं. आता माझं ऐका. मी बडोद्याची सून, माहेर कराड. ६७ साली चौथीत होते. पहाटे चारनंतर आईने आम्हाला अंगणात ओढलं. फडताळातली पितळी भांडी बराच वेळ खणखणत होती, तो आवाज अजून कानात आहे. त्यानंतर धक्के थांबलेच नाहीत. आमच्याकडे पावसाळा सरला, धरण तुडुंब झालं की लोक म्हणायचे, आता दाराची कडी वाजणार. वारणेचं धरण भरल्यावर तिकडेही सुरू झालं.
मास्तर, भेग जुनी होती हे कबूल. पण पाणी नुसतं वजन टाकत नाही, ते भेगांत मुरतं. फटीतल्या पाण्याचा दाब वाढला की दोन बाजूंच्या खडकांची पकड सुटते. एरवी कदाचित हजार वर्षांनी सुटली असती ती माझ्या चौथीत सुटली. ज्यांची घरं पडली त्यांना "धरण फक्त निमित्त" असं सांगून बघा.

मांजलपूरचा मास्तर
ताई, कोयनेबद्दल वाद नाही. धरणामुळे होणाऱ्या धरतीकंपांचं सगळ्यात ठळक उदाहरण म्हणून जगभर कोयनेचंच नाव घेतात, तिथे तीन किलोमीटर खोल भोक पाडून अभ्यास चाललाय. पण देशात हजारो धरणं आहेत, हादरे मोजक्यांच्याच भोवती. बंदूक आधीच भरलेली असेल तरच चाप ओढून उपयोग.

कराडची लेक
आणि भरलेली आहे की नाही, हे चाप ओढण्याआधी कुणी बघितलं होतं?

रावपुऱ्याचा
भुजपुरतं मी माघार घेतो, कोयनेपुरती नाही. उद्या आजोबांना अल्लाबंदाबद्दल सांगतो. चहा त्यांच्याकडून.